भीमाशंकरचं रान बघायचंय? मग आधी झाडं ओळखा

सुट्टीच्या दिवशी भीमाशंकरला हजारो माणसं येतात आणि त्यातल्या फार थोड्यांना जंगल दिसतं. गाडी वाहनतळावर लागते, पायऱ्या उतरून दर्शन होतं, पुन्हा पायऱ्या चढून वर आलं की चहा, भाजलेलं कणीस आणि परतीचा रस्ता. दर्शनाला येणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक, लोक श्रद्धेनं येणारच. पण ज्या रानाच्या मधोमध हे देऊळ आहे, ते 130.78 चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे. 1985 साली ते जाहीर झालं आणि त्यामागचं मोठं कारण म्हणजे शेकरू, ही झाडांवर राहणारी मोठी खार, आपला राज्यप्राणी. देवळापासून दहा मिनिटं चाललं तरी ते रान सुरू होतं. ही दहा मिनिटं चालून पुढे कसं जायचं, कुठे थांबायचं आणि काय बघायचं, ते सांगते.

मी आंबेगाव तालुक्यातली. शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हापासून मुलांना घेऊन या रानात येते. आता ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : शेकरू नक्की कुठे दिसेल? मी उलट विचारते, कोणत्या महिन्यात येताय? कारण शेकरूची जागा ठरलेली नसते, शेकरूचं झाड ठरलेलं असतं. ज्या महिन्यात जे झाड फळावर, तिथे शेकरू, तिथे हरियल, तिथे धनेश हे पक्षी, खाली पडलेल्या फळांवर भेकर, म्हणजे छोटं हरीण, आणि रानडुक्कर. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला : येण्याआधी पाच झाडं ओळखायला शिका. आंबा, जांभूळ, उंबर, हिरडा आणि अंजनी. दुर्बीण नसली तरी चालेल, ही पाच झाडं ओळखू आली पाहिजेत.

आंबा आणि जांभूळ बहुतेकांना येतात, पण गावातली. रानातली झाडं फार उंच असतात, पानं वरच्या छतात हरवलेली असतात. म्हणून खाली बघा. वाटेवर आंब्याचे मोहोर गळलेले दिसतात, अर्धवट कुरतडलेल्या कैऱ्या दिसतात, जांभळांच्या दिवसांत तर जमीनच जांभळी होते. कुरतडलेलं फळ हातात घेऊन बघा. कडेला बारीक, समांतर दातांचे ओरखडे असतील आणि गर अजून ओला असेल, तर मान वर करून तिथेच थांबा. खाणारं जनावर अजून वरच असण्याची शक्यता चांगली आहे.

उंबराचं एक बरं असतं, फळ खोडालाच लगडतं आणि ते वर्षातून एकदाच येतं असं नाही. बाकीचं रान कोरडं पडलेलं असतं तेव्हाही एखादं उंबर भरात असतं. असं उंबर सापडलं तर सकाळचे दोन तास त्याच्यासमोर काढायला काहीच हरकत नाही. हरियल, म्हणजे आपला राज्यपक्षी, पानांत इतका मिसळतो की आधी फक्त फळं गळताना दिसतात आणि मग हळूहळू एकेक पक्षी उलगडतो. कुटुर्गा पक्षी तर दिसण्याआधी ऐकूच येतो. उन्हाळ्यात त्याचं ‘कुटुर्र, कुटुर्र’ दिवसभर चालू असतं.

हिरडा ओळखण्याची खूण मुलांना फार आवडायची. पानाचा देठ जिथे पात्याला मिळतो, तिथे दोन बारीक गाठी असतात. बोटानंही कळतात. हिरड्याची झाडं दाट रानात आहेत तशी शेतांच्या बांधांवरही आहेत आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. इथल्या महादेव कोळी कुटुंबांसाठी हिरडा म्हणजे वर्षाचं रोख उत्पन्न. उन्हाळ्यात कोवळी फळं झोडून, वाळवून बाळहिरडा विकला जातो. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या भागात हिरड्याचं किती नुकसान झालं, ते त्या कुटुंबांनी सोसलंय. त्यामुळे अंगणात, रस्त्याकडेला वाळत घातलेल्या हिरड्यावरून गाडी नेऊ नका, त्यावर चटई टाकून बसू नका आणि ‘औषधी आहे’ म्हणून मूठभर उचलू नका. घ्यायचाच असेल तर त्या घरातून विकत घ्या.

अंजनी मात्र खास इथली म्हणावी अशी. मध्यम उंचीचं, वेड्यावाकड्या फांद्यांचं झाड, जाड गर्द हिरवी पानं समोरासमोर लागलेली. उन्हाळ्याच्या तोंडाला तिच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके चिकटल्यासारखे येतात. इतकी निळी फांदी दुसऱ्या कुठल्या झाडाची मी पाहिलेली नाही. अंजनी सदाहरित आहे, म्हणजे भर उन्हाळ्यातही तिचं छत टिकून राहतं, आणि शेकरूला छत लागतं. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत जातो, आणि ही झेप वीसेक फुटांची असू शकते. मध्ये रस्ता रुंद झाला, झाडं तुटली, की त्याच्या जगाचे दोन तुकडे होतात. रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंच्या फांद्या वर कुठे एकमेकांना भेटतात, ते बघत चला. शेकरूचे ते पूल आहेत आणि माझा अनुभव असा की रस्त्याकडेला तो दिसलाच तर अशाच जागी दिसतो.

शेकरूचं घरटं ओळखणं सोपं आहे. उंच झाडावर, बारीक फांद्यांच्या बेचक्यात काटक्या आणि पानांचा मोठा गोळा दिसतो. एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणून मुक्काम ठोकू नका. घरट्यातली पानं बघा. सगळी तपकिरी, विस्कटलेली असतील तर ते जुनं, सोडून दिलेलं असण्याचा संभव जास्त. त्यात हिरवी पानं खोचलेली दिसली तर ते वापरात आहे, मग लांबूनच बघा आणि पुढे व्हा. घरट्याखाली घोळका करून टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. त्या वेळी आत पिलं असू शकतात.

वेळ सकाळची किंवा दुपार कलल्यानंतरची. भर दुपारी शेकरू फांदीवर पोट टेकून, शेपूट खाली सोडून पडलेला असतो. तेव्हा तो खाली लोंबणाऱ्या शेपटीवरूनच सापडतो. पाठ तांबूस-तपकिरी, पोट फिकट, शेपटीचं टोक पांढरट. अंगापेक्षा शेपूट लांब. त्याला तुमची चाहूल लागली की एक खरखरीत, तुटक कर्कश आवाज येतो आणि मग एकदम शांतता. तो पळालेला नसतो. खोडाच्या पलीकडच्या बाजूला सपाट चिकटून बसलेला असतो. अशा वेळी झाडाभोवती फिरू नका, तुम्ही फिराल तसा तोही फिरेल. वीस पावलं मागे या, बसा, बोलणं बंद करा. पंधरा-वीस मिनिटांत तो पुन्हा खायला लागतो. इतका धीर धरणाऱ्या माणसांना मी या रानातून सहसा निराश होऊन परतताना पाहिलेलं नाही.

आता महिन्यांचं बघू.

पहिल्यांदा येणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस संपलेला असतो, ओढ्यांना पाणी असतं, चालायला त्रास होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात उघड्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळांवर, सोनकीची पिवळी फुलं असतात. ती पायदळी न तुडवता बघता येतात. कडेच्या उघड्या खडकावरून चाला, फुलांमध्ये बसून फोटो काढू नका. थंडीत सकाळी चांगलाच गारठा असतो, स्वेटर विसरू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलतात. पानं झडलेली, झाड लाल आणि त्यावर पक्ष्यांची झुंबड, त्यामुळे पक्षी बघायला नवख्या माणसासाठी यासारखा काळ नाही. मध प्यायला आलेला पक्षी पानांआड लपू शकत नाही.

एप्रिल-मे मला स्वतःला सगळ्यात आवडतात, आणि लोक नेमके तेव्हा यायचं टाळतात. ऊन असतं, मान्य. पण कड्याच्या बाजूचं सदाहरित रान आत गार असतं आणि आंबा, जांभूळ, करवंद सगळं एकामागून एक पिकत असतं. शेकरू बघायचाच असा निश्चय असेल तर याच दिवसांत या. पाणी मात्र पुरेसं घ्या, माणशी तीन लिटर. मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आधी काजवे लागतात. ऐन, हिरडा, बेहडा अशा झाडांवर नर काजवे माद्यांना खुणावण्यासाठी लुकलुकतात. गाडीचा दिवा, टॉर्च, मोबाईलचा फ्लॅश यांनी ती खूण पुसली जाते, म्हणजे त्यांचं मीलनच अडतं. काजवे गावाच्या कडेला, शेताच्या बांधावरून दिसतात. त्यासाठी रात्री अभयारण्यात शिरायची गरज नाही, तशी परवानगीही नसते.

पावसाळ्याबद्दल मला थोडं कडक बोलावं लागेल. जून ते सप्टेंबर हे रान धुक्यात असतं, अंगावर शेवाळ चढलेलं असतं. कुजक्या लाकडावर रात्री हिरवट उजेड देणारी बुरशी याच दिवसांत उगवते. शीळ घालणारा कस्तूर पहाटे ओढ्याकाठी गातो, माणूसच शीळ घालतोय असं वाटतं. सुंदर आहे, यात वाद नाही. पण ओढे अर्ध्या तासात चढतात, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी येणारी गर्दी धबधब्याखाली उभी राहते. वनविभाग या काळात खांडसकडून येणारी वाट, शिडी घाट आणि धबधब्यांकडच्या वाटा बंद ठेवण्याचे आदेश काढत आलाय. निघण्याआधी वनविभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर किंवा नाक्यावर विचारून घ्या. वाट बंद असेल तर ती बंदच आहे, ‘आम्हाला अनुभव आहे’ हे तिथे सांगू नका. कोणी अडकलं की शोधायला गावातली पोरं रात्री दोरखंड घेऊन उतरतात, त्यांच्याही घरी कोणीतरी वाट बघत असतं.

वर पोहोचण्याचे मार्ग तीन-चार आहेत. गाडीरस्ता मंचर, घोडेगाव, डिंभे धरणावरून येतो. पुण्याहून साधारण 120 किलोमीटर, एसटीही आहे. धरणाच्या पुढे वळणं सुरू झाली की वेग कमी करा, संध्याकाळनंतर तर फारच. रस्ता ओलांडणारी जनावरं दिव्यांनी थिजतात आणि तिथेच उभी राहतात.

कोकणातून खांडस गावातून दोन वाटा चढतात. कर्जत किंवा नेरळहून कशेळेमार्गे खांडस. गणेश घाट लांबचा पण सरळ, बायका-पोरांना घेऊन येण्यासारखा. चढायला पाच-सहा तास धरा. शिडी घाट जवळचा, पण उभ्या कातळातून, शिड्यांवरून जातो. कोरड्या दिवसांत, सवय असलेल्या माणसानं, वाटाड्यासोबत जावा. मला विचाराल तर रान बघायला येणाऱ्यानं शिडी घाट घेऊच नये. दोन्ही हात कातळाला आणि डोळे पायांकडे असले, तर झाडं कधी बघणार? गणेश घाटानं या, डाव्या-उजव्या हाताला पदरगड बघत बघत या.

माझी वाट मात्र भोरगिरीची. राजगुरुनगरहून वाडा गावावरून भोरगिरी गाठायचं. तिथे कोटेश्वराचं देऊळ आहे, जवळच लहानसा किल्ला आणि त्यात लेणी. तिथून भीमा नदीच्या सोबतीनं वर चढत गुप्त भीमाशंकरपाशी निघायचं, मग साक्षी विनायकावरून देवळात. अंतर सात-आठ किलोमीटर. घाईघाईनं चालणारे तीन तासांत येतात. मी सहा तास सांगते आणि ते जाणूनबुजून सांगते. पहाटे सहाला निघा. गाव सोडताच बांधावरचे हिरडे लागतात, तिथे पहिला थांबा. दोन गाठींची खूण इथेच पक्की करून घ्या. पुढे चढाला लागलं की ऐन दिसायला लागतो. खोडावर चौकोनी भेगा पडलेल्या असतात, मगरीच्या पाठीसारख्या. ही पानगळीची झाडं. मग चढ संपत येतो, हवा एकदम गार लागते, पायाखालचा पाचोळा ओलसर होतो आणि ऐन मागे राहून आंबा, जांभूळ, पारजांभूळ, अंजनी सुरू होतात. पानगळीचं रान कुठे संपतं आणि सदाहरित कुठे सुरू होतं, ती सीमा या वाटेवर पायांना कळते. त्या सीमेवर बसून न्याहारी करा. दोन्ही रानांतले पक्षी तिथे मिळतात. स्वर्गीय नर्तक, तो लांब पांढऱ्या फितीच्या शेपटीचा, ओढ्याच्या सावलीत डासमाश्या पकडत फिरतो. राखी रानकोंबडा दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो, पाचोळ्यात खरडल्याचा आवाज आला तर हलू नका.

वर आल्यावर दुसऱ्या दिवशी नागफणीला जा. हनुमान तळ्यावरून वाट जाते, जाऊन-येऊन तीन तास ठेवा. नागफणीच्या टोकावर उभं राहिलं की खाली कोकण, समोर पदरगड. इथल्या कड्यावर पडलेला पाऊस पश्चिमेला उतरला तर अरबी समुद्रात जातो, आणि मागे, देवळाच्या बाजूला पडला तर भीमेतून पंढरपूरला जाऊन, पुढे कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. मुलांना नकाशावर कितीही दाखवलं तरी इथे उभं केल्यावर जसं समजतं, तसं वर्गात समजत नाही. पण कडेला कठडा नाही. वारा जोरात असेल तर टोकावर जाऊ नका आणि पाठमोरं होऊन सेल्फी तर नकोच.

कड्यांच्या कपारीत आणि उंच झाडांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ लावून येऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा करू नका, दगड मारणं तर दूरच. माश्या उठल्याच तर हातवारे न करता, तोंड-डोकं कापडानं झाकून दाट झाडीत किंवा बंद जागेत लवकरात लवकर सरका. कड्याच्या दिशेनं पळू नका.

सापांबद्दल लोक विनाकारण घाबरतात आणि जिथे जपायला हवं तिथे जपत नाहीत. इथे कारवीच्या झुडपांवर हिरवा चापडा बसलेला असतो, पानासारखाच हिरवा, अंगावर येणार नाही, पण तुम्ही चढताना आधाराला तीच फांदी धरली तर चावेल. म्हणून न बघता फांदी धरायची नाही, हा नियम मुलांना आधीच घालून द्या. पायांत घोट्यापर्यंतचे बूट, कपारीत हात घालायचा नाही, अंधार पडायच्या आत गावात. चावलाच तर चिरा देणं, रक्त चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, अंगठी-कडं काढा, 108 ला फोन करा आणि माणसाला चालायला न लावता दवाखान्यात न्या. साप लांबून, सुरक्षित अंतरावरून नीट पाहून त्याचं वर्णन लक्षात ठेवलं तर डॉक्टरांना मदत होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्या विषावर आपल्याकडे प्रतिविष आहे, चापड्याच्या विषासाठी ते बनवलेलं नाही, तिथे उपचार वेगळे होतात. साप पकडून मात्र नेऊ नका. मोबाईलची रेंज रानात भरवशाची नाही, त्यामुळे कोणत्या वाटेनं निघालात आणि किती वाजेपर्यंत परत येणार, हे गावात एका माणसाला सांगूनच निघा.

बिबट्या इथे आहे. दिसण्याची शक्यता फार कमी, खुणा मात्र दिसतात. ओल्या मातीत पंजा उमटलेला असेल तर नखं बघा. कुत्र्याच्या पंजात पुढे नखांचे ठिपके दिसतात, बिबट्याच्या पंजात ते नसतात, चालताना त्याची नखं आत असतात. वानरं एकदम खाकरल्यासारखी ओरडायला लागली किंवा भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, तर कोणीतरी फिरतंय. लहान मुलांना मध्ये घ्या, एकत्र राहा, हळू बोलत पुढे चला.

नियम थोडेच आहेत आणि ते 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आलेले आहेत. परवानगीशिवाय अभयारण्यात फिरता येत नाही, म्हणून नाक्यावर नोंद करा, जे शुल्क असेल ते भरा आणि पावती जवळ ठेवा. आग लावायची नाही. शेकोटी नाही, चूल नाही, विडी-सिगारेट नाही. मार्चनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीनं अख्खा उतार जातो आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कारवीची कोवळी रोपं सगळं त्यात संपतं. ड्रोन नाही, स्पीकर नाही. वानरांना काही खायला घालायचं नाही. देवळाच्या वाटेवर ती हातातली पिशवी ओढून घेतात, ती त्यांना आपणच लावलेली सवय आहे. आणि प्लॅस्टिक : जे घेऊन याल ते परत घेऊन जा. बिस्किटाच्या पुड्याचा कोपरासुद्धा.

सामान फार नको. पाणी, टोपी, खाण्याचा डबा, बॅटरी, साधं प्रथमोपचाराचं साहित्य, मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे. पांढरा आणि भडक लाल टाळा. दुर्बीण असेल तर 8x42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची बरी, झाडीत अंधुक उजेडात चांगली दिसते. एक वही मात्र आणाच. तारीख, वाट, कोणतं झाड फुलावर, कोणतं फळावर, त्यावर कोण होतं. एवढंच लिहा. पुढच्या वर्षी कधी यायचं हे ही वहीच सांगेल.

आणि वाटाड्या घ्या. खांडस, भोरगिरी, कोंढवळ, आहुपे, कुठल्याही गावात विचारा. गटात दहा माणसं असतील तरी घ्या, रस्ता माहीत असेल तरी घ्या. जो माणूस लहानपणापासून या रानात करवंदं आणि हिरडे गोळा करत आलाय, त्याला या आठवड्यात कोणतं जांभूळ पिकलंय ते ठाऊक असतं. पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. दुपारचं जेवण त्याच गावात सांगून ठेवलंत तर उत्तम, पण आदल्या दिवशी सांगा. अचानक आठ माणसं दारात उभी राहिली तर भाकऱ्या थापणाऱ्या बाईला किती धावपळ होते, याचा विचार करा. वाटाड्याशी बोलताना ‘ए मामा’ वगैरे नको, नाव विचारा आणि ‘दादा’ म्हणा, वय जास्त असेल तर ‘बाबा’.

ज्यांना एवढं सगळं करून पुन्हा यावंसं वाटेल, त्यांनी दुसऱ्या वेळी देवळाकडे न जाता आहुप्याला जावं. घोडेगावहून डिंभ्याच्या पुढे रस्ता फुटतो. गावाची देवराई आहे, देवाच्या नावानं राखलेली, जिथून वाळलेली काटकीही बाहेर न्यायची नाही असा रिवाज. त्यामुळे तिथले वृक्ष आणि गारंबीचे वेल असे वाढलेत की वेलाचं खोड झाडाच्या खोडाएवढं वाटावं. गारंबीची शेंग हातभर लांब असते. खाली पडलेली दिसली तर उचलून बघा, मुलांना दाखवा आणि तिथेच ठेवा. आत जाण्याआधी गावात विचारा, चपला कुठे काढायच्या आणि कुठल्या भागात जायचं नाही ते तेच सांगतील. आहुप्याची एसटी मोजक्याच वेळा असते, म्हणून परतीच्या गाडीची वेळ घोडेगावच्या स्टँडवर आधीच विचारून घ्या, किंवा सरळ गावात मुक्काम सांगा.